लखनच्या कढईतलं चुंबक

सात वर्षं शिकून पोरगी डॉक्टर झाली, पण साधी तापाची गोळी देत नाही, यावरून सुप्याच्या बाजारात जोतीरामची कायम टिंगल व्हायची. आलेली स्थळं परत पाठवून, सगळ्या भावकीशी वाकडं घेऊन त्याने वैष्णवीला शिकवलं होतं. ती दवाखान्यातली नव्हे, संशोधन करून झालेली डॉक्टर; पण ती नेमकं करते काय, हे त्याला धड सांगता येत नव्हतं. विचारायलाही तो बिचकायचा. कळलं नाही तर लेकीपुढं काय तोंड दाखवायचं?

आज ती सुट्टीला आली, तर बापलेकीला लखनच्या भज्यांच्या गाड्यावर नागेशने गाठलं. हा जोतीरामचा चुलतभाऊ, जिभेला हाड नसलेला.

"काय गं, बनवतीस तरी काय तू?"

वैष्णवीने पर्समधून रुपयाएवढ्या दोन चकत्या काढल्या. एक बाजारातलं भारी चुंबक. दुसरं तिने स्वतः भट्टीत घडवलेलं, समेरियम हा दुर्मिळ मृदा गटातला धातू आणि कोबाल्ट मिळून झालेलं. दोन्हींनी लखनचं किलोचं वजन सहज उचललं.

"मग फरक काय?" नागेश हसला.

"आच लागली की कळंल. लखनभाऊ, हे तेल टाकूनच देणार ना?" लखनने मान डोलावली.

जोतीरामने तिचा हात धरला. हे फसलं तर सात वर्षं मातीत. "ऱ्हाऊ दे पोरी. चारचौघांत कशाला परीक्षा?"

"आबा, माझं रोजचं कामच हाय ते." तिने चकत्या कढईत सोडल्या.

दहा मिनिटं जोतीराम कढईकडे बघवत नाही म्हणून रस्त्याकडे बघत होता. मग तिने सांडशीत धरून पहिली चकती वजनाला लावली. वजन जागचं हललं नाही. दुसरी, तिची चकती लावली. वजन वर आलं, आणि वरच राहिलं.

जोतीराम कढईजवळ सरकला. इतक्या वर्षांचा अडलेला प्रश्न त्याच्या तोंडून आपसूक निघाला. "ह्यात हाय तरी काय गं?"

"आत बारीक कण असत्यात, आबा. सगळ्यांची तोंडं एकीकडं, म्हणून जोर. तापलं की ती फिरत्यात. माझ्या चुंबकात दोन धातू असे जुळवून बसवलेत की फिरत न्हाईत. तापणाऱ्या मोठ्या यंत्रांना हेच लागतं."

जोतीरामच्या बापजाद्यांनी मेंढरं राखलेली. तो गर्रकन गाड्याभोवती जमलेल्या गर्दीकडे वळला.

"ऐकलं का? उन्हाचा चटका बसला की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालत्यात, कुणाचं तोंड कुठं पत्ता न्हाय. माझ्या लेकीनं असा कळप उभा केलाय, जाळावर धरला तरी एक मेंढरू तोंड फिरवत न्हाय!"

बरोबर आहे का, म्हणून नागेशने वैष्णवीकडे पाहिलं.

"बरोबर हाय, काका," डोळे पुसत ती म्हणाली. "आमच्या सरांना बी इतकं नीट सांगता येत न्हाय."