किलोच्या भावाची गाडी

रिसोडच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. पाटीवर नाव आमच्या ह्यांचं, कैलासचंद. पण पाटी गिऱ्हाईक वाचतं, भाव मी सांगते. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. पाचवीवाचून काही अडलं नाही. गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, हातात घेऊन टिचकी मारली की मला पत्रा कळतो, तळहातावर तोलला की वजन कळतं. नक्षी, चकाकी, वरचं स्टिकर हे सगळं भोळ्या लोकांसाठी. भांडं काट्यावर ठेवा आणि किलोचा भाव विचारा, एवढ्या एका अकलेवर मी संसार केला.

तेव्हा गाडी घ्यायची वेळ आली तर मला वाटलं, गाडी म्हणजे तरी काय? पत्राच तर आहे. बाकीच्यांना काय वाटलं ते मला ठाऊक नाही. माझ्यासमोर काही वाटून घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

गाडी लागणार होती ती ह्यांच्या गुडघ्यांपायी. आमची लेक चंदना अनसिंगला दिलेली. तिच्याकडे हे सारखे एसटीनं जायचे, नातवासोबत कॅरम खेळायचे, दिवस मावळायच्या आत तिच्या हातचं जेवायचे आणि खुशीत परत यायचे. मग गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. डॉक्टरनं उंच पायरीला पाय लावायचा नाही म्हणून सांगितलं. भाड्याची गाडी करून देते म्हटलं तर ऐकायला तयार नाहीत. म्हणाले, "लेकीच्या दारात भाड्याची गाडी थांबली का सारी गल्ली इचारते, कोनाले काय झालं?" मग दिवसभर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या पाहायचे. बोलायचे काही नाहीत. माणूस बोलत नसला की मला ऐकू जास्त येतं. म्हटलं, घेऊ गाडी.

पैसे साडेचार लाख. त्याच्या वर एक रुपया नाही. पुनीत, आमचा मुलगा, म्हणाला थोडं कर्ज काढू. पण मी आधीच समोरच्या चंपाबाईला ऐकवून बसले होते की आम्ही बँकेच्या पैशाची गाडी दारात उभी करत नसतो. चंपाबाईच्या मुलानं हप्त्यावर घेतली होती ना! म्हणजे नवी गाडी घ्यायचा रस्ता मीच, माझ्याच तोंडानं, बंद केला.

मग वाशिमला जुन्या गाड्या विकणाऱ्या जगदेवकडे गेलो. पुनीत, सून खुशबू, हे आणि मी. पुनीतच्या दोस्ताची एक लहानशी गाडी मागून आणली होती, तिच्यात बसून. ह्यांना लिंबाखाली खुर्ची दिली आणि मी गाड्यांमध्ये शिरले. गाडी ज्यांच्यासाठी घ्यायची ते सावलीत, आणि जिला स्टेअरिंग कुठल्या बाजूला असतं तेही पाहून सांगावं लागतं, ती उन्हात!

जगदेवनं आधी एक चंदेरी, बुटकी गाडी दाखवली. "मास्तरीनबाईची हाय मावशी. घर ते शाळा, शाळा ते घर. दुसरीकडं गेलीच नाई."

मी दारावर टिचकी मारली. टप्. "हा पत्रा हाय का पापड?"

"आजकाल साऱ्याच अशा येतात."

"वजन किती?"

"कायचं वजन?"

"गाडीचं. तुयं कायले इचारू?"

तो हसला. मग मी हसत नाही असं पाहून त्यानं मोबाईल काढला. साडेसातशे किलो. किंमत त्यानं आधीच सांगितली होती, चार लाख. मी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. "किलोले पाचशेच्या वर पडून राह्यली! येवढ्यात मी स्टीलचं चांगलं जाड ताट देतो, अन् वरून नाव टाकून देतो."

"मावशी, गाडी किलोवर कोनी घेत नाई. भंगारवाला घेते."

"मंग त्याले तुयाहून जास्त कळते."

पुनीत तोंड फिरवून आकाश पाहायला लागला. आकाशात काही नव्हतं.

कोपऱ्यात एक पांढरी, उंच, जीपसारखी गाडी उभी होती. जुनी, कुठल्याशा ठेकेदाराची. रुबाब असा की आत कोणी नसताना नमस्कार करावा वाटेल. टिचकी मारली. खणण्! वजन सोळाशेच्या वर. किंमत आमच्या पैशात बसत होती आणि किलोचा भाव तर निम्म्याच्या जवळ! माझ्या अंगावर काटा आला. एवढा सौदा मला दुकानातही कधी मिळाला नव्हता.

"आई, हे डिझेल किती पिईन?" पुनीत म्हणाला.

"गंज मोठा तर जाळ मोठाच लागते."

"आपल्या बोळीत घुसन का हे?" खुशबूनं विचारलं.

"बोळ सरकन."

खरं सांगायचं तर डिझेल, बोळ मला काही दिसतच नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की ही गाडी आमच्या दारात उभी आहे आणि समोर चंपाबाईची गाडी तिचं पिल्लू दिसते आहे.

मी कमरेचा बटवा काढला. बयाना देणार, तेवढ्यात खुशबू हळूच म्हणाली, "आई, पयले बाबांले बसून पाहू द्या ना."

"बसाले काय पाहाचं? बसाले तर साऱ्याइले येते."

पण तोवर ती त्यांना हात धरून घेऊनही आली. सून गरीब आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

ह्यांनी गाडीकडे खालून वर पाहिलं, देवळाच्या कळसाकडे पाहावं तसं. एक पाय उचलला. पाय पायरीच्या अलीकडेच थांबला. दुसऱ्यांदा उचलला, टेकला, पण अंग वर जाईना. पुनीत आतून ओढू लागला, जगदेव मागून रेटू लागला, मी "हां, हां, जमलं" म्हणत होते. जमलं काहीच नव्हतं. हे अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि चेहरा पांढराफटक.

"खाली घ्या मले," ते म्हणाले.

खाली घेतलं. दम खात उभे राहिले. तरी माझी जीभ थांबेना. "त्यात काय येवढं? दुकानातला मोठा गंज सोबत ठेवू. उपडा मांडायचा, त्याच्यावर पाय द्यायचा अन् चढायचं."

"म्हंजे चंदनाच्या दारात गंज घेऊन उतरू?" ते म्हणाले. "जावई म्हनन, सासरे भांडे इकाले आले."

जगदेव हसला. पुनीत हसला. खुशबूनं पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावली. मी कोणाकोणाकडे पाहणार?

हे मात्र हसले नाहीत. काठी टेकत टेकत त्या चंदेरी गाडीपाशी गेले. दार उघडलं, पाठमोरे झाले, पलंगावर बसावं तसे आधी बसले आणि मग एकेक पाय आत घेतला. कोणाचा हात नाही, कोणाचा धक्का नाही. दार लावून घेतलं.

मी धावत गेले. "अवो, किलोले पाचशेच्या वर पडून राह्यली! पत्रा पाह्यला का? निरा पापड!"

त्यांनी काचेचं हँडल फिरवलं. काच वर गेली.

मी बोलत राहिले. ते समोर पाहत राहिले. काचेत मला एक बाई दिसली, हातवारे करणारी, तोंड उघडं, आवाज नाही. अशी बाई गिऱ्हाईक म्हणून आली असती तर मीच तिला, दुसरं दुकान पाहा माय, म्हटलं असतं.

मी बटवा उघडून जगदेवच्या हातावर बयाना ठेवला. पायपुसणी मात्र फुकट घेतली. अगदीच हरून यायची मला सवय नाही.

"एक चक्कर मारून पाहा," जगदेव म्हणाला. पुनीतनं विचारलं, कुठवर? हे म्हणाले, "अनसिंग."

जगदेव काही बोलणार होता, पण ह्यांचं तोंड पाहून त्यानं किल्ली दिली आणि स्वतःही मागे आमच्याजवळ बसला.

वाशिम सुटल्यावर ह्यांनी चंदनाला फोन लावला. "येऊन राह्यलो. जेवाले हाव. ... हो, आपल्याच गाडीत." मग पलीकडून तिनं काहीतरी विचारलं. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"कोनं म्हंजे? तुया आईनंच पसंत केली."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. चौथी शिकलेल्या बाईलाही एवढं कळायला हवं. पण मी हात पुढे केला, म्हटलं आणा तो फोन इकडे, आणि गाडी किती बारकाईनं निवडावी लागते ते तिला अनसिंग येईपर्यंत सांगत राहिले.