शेवटून दुसरा आकडा

नकाशेवाल्याच्या हातून आकडा चुकला असं कुणी त्याच्या बायकोला सांगितलं असतं, तर ती आधी पोट धरून हसली असती. तीस वर्षं हा माणूस डोंगरांची उंची आणि नद्यांची खोली कागदावर लिहीत आलेला. शेजारी सहज म्हणाला, आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, की हा जाऊन मोजून येणार आणि अठरा आहेत म्हणून सांगणार. अशा माणसाचं बोट चुकलं, आणि तेही कुठे, तर इंटरनेटचा नंबर घालताना!

झालं असं, की तो आता घरीच काम करायचा. मागच्या खोलीत काचेचं टेबल, काचेखाली दिवा, दिव्यावर पारदर्शक कागद. नकाशा काढून झाला की तो कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि टेलिफोनच्या तारेतून ऑफिसला पाठवायचा. पण त्याचं कनेक्शन इतकं मठ्ठ, की दुपारी सोडलेला नकाशा तिन्हीसांजेला ब्याण्णव टक्क्यांवर पोचायचा आणि तिथेच लाईन कट. पुन्हा पहिल्यापासून! मग एक दिवस दारात पत्रक येऊन पडलं. नवी योजना, दुप्पट वेग, आणि दुपारी चार ते सहा दर निम्मा. नकाशेवाला लहान मुलासारखा खूश झाला. नवा नंबर त्याने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरमध्ये घातला. चष्मा मात्र कपाळावर होता.

चारच्या ठोक्याला मोडेमच्या डब्याने नंबर फिरवला. आता लाईन जुळतानाची नेहमीची किंचाळी ऐकू येणार म्हणून त्याने कान टवकारले, तर डब्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"हॅलो?"

त्याला वाटलं, कंपनीने स्वागताला माणूस बसवलाय, वा!

"हॅलो, कोण बोलतंय?" आवाज थांबला. मग एकदम खाली आला. "छोट्या? तू आहेस का रे?"

डबा आपला पीं... पीं... करत पलीकडच्या मशीनला हाक मारत होता. पलीकडे मशीन नव्हतंच.

"बोलू नकोस हवं तर. फक्त ठेवू नकोस."

पन्नास सेकंद वाट पाहून डब्याने फोन ठेवला. नकाशेवाल्याने चष्मा खाली ओढला आणि पत्रक पाहिलं. शेवटून दुसरा आकडा. साताच्या जागी चार. दोन बटणं दाबायची आणि विषय संपवायचा, एवढंच काम होतं. त्याचा हात बटणांवर गेला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी चारला त्याने तोच नंबर लावला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या डब्यातून तिचा आवाज इकडे यायचा, पण इकडचा तिकडे जायचा नाही. तिला ऐकू जायची ती फक्त पीं पीं.

"तुझ्याकडची लाईन खराब दिसते रे," ती म्हणाली. "असू दे. मी बोलते, तू ऐक."

आणि ती बोलत गेली. रोज पन्नास सेकंद, जास्त नाही. मागच्या खोलीत पडदे ओढलेले, काचेखालचा दिवा पिवळसर, आणि त्या उजेडात तो आवाज कुठूनही आल्यासारखा यायचा, कधी भिंतीतून, कधी कागदातून. तुझ्या खोलीची खिडकी रंगवली, निळीच ठेवली. कपाट जिन्याखाली हलवलंय, अंधारात आलास तर आपटशील. मागच्या झाडाची फांदी आता गच्चीत येते. आणि एका दिवशी: "तेव्हा मी म्हटलं ना, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस, ते मी..." आणि डब्याने फोन ठेवला. नकाशेवाल्याने डब्याला अशी एक शिवी दिली, की स्वतःच दचकला.

पुढच्या दिवशी तिने वाक्य तिथूनच उचललं. "काल अर्धवट राहिलं. ते मी रागात म्हटलं होतं, छोट्या. अकरा वर्षं झाली, रोज मला ते ऐकू येतं."

त्याचा हात आपोआप चालायला लागला होता. पारदर्शक कागदावर त्याने आधी जिना काढला, मग जिन्याखालचं कपाट, मग खिडकी. ऑफिसच्या डोंगरांवर धूळ बसली आणि न पाहिलेल्या बाईचं घर कागदावर खोली खोलीने उभं राहिलं. कधीकधी त्याला वाटायचं, आपण त्या घरात फिरतोय, पायात काही नाही, आणि फरशी गार लागतेय. त्याला फार बरं वाटायचं. इतकं बरं, की लाज वाटायला हवी हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"नवीन कनेक्शन घेतलंत ना?" बायको विचारायची. "मग हे अजून गोगलगायीसारखं का?"

"जुळवाजुळव चाललीय."

"लग्नाची चाललीय की काय, इतके दिवस?"

नवव्या दिवशी ती चहा घेऊन आत आली ती नेमकी चारला. डबा बोलत होता.

"डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आता थांबलात तर दिसायचं बंद होईल. सोमवारी बोलावलंय, ऑपरेशनला. मी नाही म्हणून सांगितलं. चारला मी घरात नसले आणि तुझा फोन आला तर? डोळे गेले तर गेले. तुझा फोन मला ऐकायचाय, बघायचा थोडाच आहे?" आणि ती हसली.

लाईन कट झाली. बायकोने कप टेबलावर ठेवला. तिची नजर कागदावरच्या घरावर गेली आणि मग नवऱ्यावर. त्याने सगळं सांगून टाकलं, चोरी पकडल्यासारखं, खाली मान घालून.

"अहो, काय म्हणावं तुम्हाला!"

"मी तिला काही खोटं बोललो नाही गं. मी बोललोच नाही."

"तेच तर!"

"सांगितलं तर मोडून पडेल ती."

"आणि नाही सांगितलं तर आंधळी होईल. बघा काय ते."

ती तिथेच उभी राहिली. नकाशेवाल्याने मोडेमची तार काढली, टेलिफोन पुढे ओढला आणि चुकीचा नंबर स्वतःच्या बोटाने फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"आज दोनदा?" आवाज हरखलेला होता.

"बाई, मी... मी तुमचा मुलगा नाही हो. माझ्याकडून नंबर चुकला होता. ती पीं पीं माझ्या मशीनची."

पलीकडे घड्याळ चालताना ऐकू येत होतं. त्याच्या नकाशात घड्याळ राहूनच गेलं होतं.

"नऊ दिवस," ती शेवटी म्हणाली. "नऊ दिवस तुम्ही माझं ऐकत बसलात?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! पहिल्या दिवशी चुकलं. बाकीचे आठ दिवस काय होतं?"

"ऐकावंसं वाटत होतं," तो म्हणाला. दुसरं खरं काही त्याच्याजवळ नव्हतं.

"म्हणजे त्याने फोन केलाच नाही."

"सोमवारी दवाखान्यात जा, बाई. एवढं ऐका."

"माझ्या डोळ्यांचं मला शिकवू नका." मग तिचा आवाज उतरला. "त्याचा नंबर आहे माझ्याकडे. पहिल्याच वर्षी पाठवला होता त्याने. मी म्हटलं, आधी त्याने करावा, मी आई आहे. तुमच्या त्या डब्यापुढे जे बोलले, ते त्याच्यापुढे बोलता येईल का हो मला?"

"मी परका माणूस. पण मी जागचा उठलो नाही नऊ दिवस."

"परका म्हणूनच ऐकू शकलात," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चारला त्याने चुकलेला आकडा सुधारून सात घातला, डबा किंचाळला, आणि अख्खा नकाशा अर्ध्या तासात गेला सुद्धा. बायको म्हणाली, बघा, म्हणत होते ना. त्याला कणभरही आनंद झाला नाही. त्याने तार काढली आणि फोन उचलला.

एंगेज.

दहा मिनिटांनी पुन्हा फिरवला. एंगेज. पाच वाजले, एंगेज.

"तुमच्या धास्तीने रिसीव्हर बाजूला काढून ठेवला असेल," बायको म्हणाली.

असेलही. तो सगळ्या अंगाचे कान करून ऐकत राहिला, जसं काही त्या टूं टूंच्या मागे दोघांचं बोलणं ऐकू येणार होतं. साडेपाचला एंगेज. सहाला एंगेज. त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

बायकोने त्याच्या हातून रिसीव्हर घेतला, स्वतःच्या कानाला लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने तो हळूच जागेवर ठेवला.

"अकरा वर्षांचं आहे," ती म्हणाली. "दीड-दोन तासांत कुठलं संपायला? चला, बाहेर चला. बोलू द्या त्यांना."