अकरा वाजेपर्यंत काही नाही

बेकरीतल्या मुख्य कारागिराला घरी आणि कामावर सगळे ढोल्याच म्हणत. हे नाव ताईनं ठेवलेलं. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि ताई शिवणकामाच्या कारखान्यात नुकतीच लागली होती. धाकट्याच्या ताटात काही कमी पडू द्यायचं नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं, आणि त्याचा परिणाम पुढे जगाला दिसला. ढोल्या दारातून आत यायचा तेव्हा आधी पोट यायचं, मग तो.

आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या ताईचं यकृत निकामी झालं. तिच्याच शरीरानं यकृतावर डूख धरलाय, असं डॉक्टर म्हणाले. औषधांनी थोडे दिवस ढकलता येतील, पण शेवटी यकृत बदलावंच लागेल. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा चालतो आणि देणाऱ्याचं यकृत पुन्हा भरून येतं, हे ऐकल्यावर ढोल्या दवाखान्याच्या खुर्चीतून उठलाच. ''घ्या माझं. कधी येऊ?''

भाऊजींना मधुमेह होता, भाची अजून लहान. ढोल्याचा रक्तगट जुळला. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं.

''तुमचं यकृत चरबीनं भरलंय. असं यकृत मी तुमच्या बहिणीला देऊ शकत नाही. आणि त्यातला भाग काढला तर तुमचंही खरं नाही.''

''चरबी जाते का?''

''जाते. यकृतावरची तर लवकर जाते. पण वजन उतरायला हवं, आणि आपल्याकडे फार वेळ नाही.''

''किती आहे?''

''तीनेक महिने धरा.''

आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला नियम घालून दिला. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, एवढ्यातच खायचं. मैदा, साखर, तळलेलं बंद. बाकीच्या वेळात पाणी किंवा बिनसाखरेचा चहा.

''मी पहाटे भट्टीवर असतो बाई. पहिला पाव निघतो तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता.''

''मग तो विका,'' बाई म्हणाल्या. ''खाऊ नका.''

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ''कंबर कसा आता,'' ती म्हणाली. ''म्हणजे आधी सापडली तर.'' हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिनं फडताळातले बिस्किटांचे डबे उचलले आणि शेजारी देऊन आली.

ताईला मात्र काही सांगायचं नाही, असं ढोल्यानं भाऊजींकडून कबूल करून घेतलं. जमलं नाही तर तिची आशा कशाला लावायची?

पहिल्या सकाळी भट्टीचं दार उघडलं आणि गरम पावाची वाफ तोंडावर आली. त्याचा हात सवयीनं ट्रेकडे गेला. रोज पहिला पाव तोच मोडायचा, आतून नीट भाजलाय का बघायला, आणि बघून झाल्यावर तो पाव परत ट्रेमध्ये जायचा नाही. त्यानं तो मोडला, वास घेतला आणि केकवर नक्षी काढणाऱ्या मावशींपुढे धरला.

''तुम्ही सांगा कसा झालाय.''

मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याला ताप आलाय. ''चांगला झालाय,'' त्या सावकाश चावत म्हणाल्या. ''पण तुला काय झालंय?''

त्यानं सांगितलं. त्या दिवसापासून पाव चाखायचं काम मावशींकडे गेलं.

पहिला आठवडा वाईट गेला. पोटात कावळे ओरडत, डोकं ठणके, तोंडून नको ते जाई. पीठ मळण्याचं यंत्र अडकलं तर तो यंत्राशी भांडे. अकरा वाजत आले की घड्याळाखाली जाऊन उभा राही. मालक म्हणाले, ''घड्याळाकडे असं बघू नकोस रे. ते बिचारं घाबरून बंद पडेल.''

दुसऱ्या आठवड्यात कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. पोट रिकामं ठेवायची सवय होऊ लागली. सकाळची भूक येते, थोडा वेळ बसते आणि आपली आपण निघून जाते, हे त्याच्या ध्यानात आलं. आवडत नसलेला पाहुणा असतो तशी. चहा द्यायचा, पण जेवायला थांबवायचं नाही.

महिन्यानंतरच्या तपासणीत चरबी कमी दिसली, पण पुरेशी नाही. त्याच आठवड्यात ताईचे डोळे पिवळे झाले आणि तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. ढोल्यानं हाय खाल्ली. आठ तासांत खाऊन एवढं उतरतं, तर खाल्लंच नाही तर किती उतरेल, असा त्यानं सरळ हिशोब केला. दुपारी एक वाटी सूप, बस्स. बायकोनं विचारलं की सांगे, बेकरीत जेवलो.

चौथ्या दिवशी भट्टीतून ट्रे काढताना त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ट्रे खाली गेला, तोल सावरायला त्यानं हात टेकला तो नेमका तापल्या दारावर. मावशींनी ओढून नळाखाली नेला म्हणून थोडक्यात निभावलं. तरी मनगटापासून कोपरापर्यंत फोड आलेच.

आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून झाडलं. ''आठ तास मी खाण्यासाठी दिलेत, गाळण्यासाठी नाही. शरीराची अशी उपासमार केलीत तर यकृत सुधारेल की बिघडेल? घाई करून तुम्ही बहिणीचेच दिवस वाया घालवताय.''

हे मात्र त्याला लागलं. घरी आल्यावर त्यानं बायकोला खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून अकराच्या ठोक्याला ती डबा घेऊन बेकरीत हजर. अंडी, उसळ, भाज्या. समोर बसून खायला लावी आणि रिकामा डबा घेऊनच परते. संध्याकाळी कामावरून घरापर्यंत तो चालत येऊ लागला. वजन मध्येच अडलं, दहा-बारा दिवस काटा हलेना. त्यानं काट्याशी वाद घातला नाही. नियम तोच ठेवला.

हातावरचे फोड मात्र ताईच्या नजरेतून सुटले नाहीत. ''कशानं भाजलं?'' तिनं खाटेवरूनच विचारलं. ''आणि तुझे गाल कुठे गेले?'' ढोल्यानं बाही खाली ओढली. भाऊजी खिडकीबाहेर बघू लागले. तिनं त्यांना नुसती हाक मारली, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ताई उठून बसली. ''मला नको. तुझ्या पोटाला सुरी लावून मला जगायचं नाही. मी तुला असं उपाशी राहायला वाढवलं का?''

''ताई, ऐक.''

''नाही म्हणजे नाही. विषय संपला.''

ढोल्या तिच्या खाटेवर बसला. आता खाट कुरकुरली नाही. ''नको म्हटलं तरी तू माझ्या ताटात वाढायचीस. कधी विचारलंस मला?''

''तू लहान होतास.''

''आणि तू आजारी आहेस. आता मी वाढतोय. तू मुकाट्यानं घ्यायचं.''

ती रडायला लागली. मग रडतारडताच म्हणाली, ''मोठा आला वाढणारा,'' आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पण नाही म्हणाली नाही.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस डॉक्टरांनी अहवाल बघितला, मग ढोल्याला बघितलं. ''हे तुमचंच ना?'' त्यांनी विचारलं. पुढच्याच आठवड्यात दोघांना शस्त्रक्रियेसाठी शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं.

ढोल्या शुद्धीवर आला तेव्हा पोटात आग पेटली होती. बायको उशाशी होती. त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच ती म्हणाली, ''ताईंचं व्यवस्थित आहे. तुकडा कामाला लागलाय.'' त्यानं डोळे मिटले.

मधे एकदा ताईला ताप भरला आणि दोन दिवस सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. पण ती त्यातून निघाली. डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरला. एका दुपारी परिचारिका तिला चाकांच्या खुर्चीवरून त्याच्या खोलीत घेऊन आली. दोघंही पोट धरून बसलेले. हसलं की टाके ओढत, म्हणून हसायची चोरी.

''काय रे,'' ताई म्हणाली, ''आता तुला हाक काय मारायची? ढोल्या तर कुठे दिसत नाही.''

''जुनीच मार. मी ओ देईन.''

सुट्टी मिळाल्यावर तो काही आठवडे घरी पडून होता, मग बेकरीत परतला. जड पोती उचलायला अजून मनाई आहे. आता त्याच्यावर कुणाची सक्ती नाही, तरी अकराच्या आधी तो तोंडात काही टाकत नाही. मालक म्हणतात, ''आता कशाला? काम झालं की.'' तो म्हणतो, ''ते नवीन उगवतंय ना आत. त्याला पहिल्यासारखं नाही वाढवायचं.''