आंबट फांदीचं पान

मी एक जुना रायवळ आंबा आहे. सुरगाण्याच्या एका टेकाडावर पुंजाच्या बांधाला उभा होतो, आता नुसता बुंधा उरलो आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. एरवी माझ्या कैऱ्या दगडांनी पाडून, चाखून थुंकणाऱ्यांशी माझी कसली मैत्री?

माझं फळ आंबट, हे कबूल. पण करपा आला की आसपासच्या आंब्यांचा मोहोर काळा पडून गळायचा, माझा मात्र टिकायचा. त्याचं कौतुक कोणी केलं नाही. उलट पुंजाने माझा शेंडा छाटून केशर आंब्याची कलमं बांधली. त्याची बायको विमलाबाई हिने लोणच्यापुरती माझी एक जुनी फांदी तेवढी राखायला लावली. बाकी कलमाखाली माझा फुटवा दिसला की पुंजा तो नखाने खुडायचा. पाणी ओढायचं मी आणि मिरवायचं केशरने. त्या फांद्यांचा मला मनापासून राग होता.

मग केशरचाही मोहोर दरसाल करप्याने जळू लागला आणि पुंजा मला तोडायला निघाला. तेवढ्यात नाशिकच्या एका प्रयोगशाळेतून निकिता आली. फळझाडांच्या नव्या जाती तयार करणं हे तिचं काम. करप्यातही लोणच्याच्या फांदीचा मोहोर टिकतो, ही गोष्ट तिच्या कानावर गेली होती.

"काका, रोगाला दाद न देणारा गुण या झाडात असेल, तर तो पानातही सापडेल," ती म्हणाली. "मग याच्यापासून नवी रोपं करू. ती लहान असतानाच पान तपासून चांगली निवडता येतात, फळाची वाट बघावी लागत नाही. तोवर झाड तोडू नका. चार चांगली पानं काढून द्या."

आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी मी हवा होतो. पुंजा वर चढला आणि केशरची तुकतुकीत पानं काढून त्याने तिच्या हातात दिली.

काही दिवसांनी तिचा फोन आला, "काका, या झाडात तसं काही नाही."

"पानं कंच्या फांदीची दिली व्हती?" विमलाबाईने विचारलं.

"केशरची. पाव्हणीला काय आंबट फांदीची देऊ?"

"मंग त्यात याचा गुन कुठनं येनार? सांग तिला, चुकलं म्हनून."

शिकलेल्या पोरीला फोन करून चूक सांगायची पुंजाला लाज वाटली. मला करवत लावताना वाटली नाही.

आता बुंध्याला एक फुटवा आला आहे, माझा स्वतःचा. मित्रांनो, तुमची दया मला नको. तो खुडू नका, आणि पान न्यायचंच असेल तर त्याचं न्या.