नावं गळालेला नकाशा

मी एक नकाशा. शाळेच्या भिंतीवर टांगतात तसला नव्हे. मी संगणकात राहतो. माझ्यात राज्यं नाहीत, नद्या नाहीत. पिंपळगाव राजाच्या पलीकडे एक लहानसं गाव आहे, त्या गावच्या कब्रस्तानाचा मी नकाशा. सव्वा एकर जमीन, तीन कडुनिंब, एक हापसा आणि माणसं. आता बोलत नाहीत ती माणसं.

मला राबियाने काढलं. राबिया खामगावला सिव्हिलचा डिप्लोमा करून आली आणि गावातल्या मुलींना संगणक शिकवू लागली. नकाशे काढायचं एक मोफत सॉफ्टवेअर तिने उतरवून घेतलं होतं. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. त्यात माझा जन्म झाला.

जन्माचं कारण गफ्फारचाचा. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या कबरी खोदल्या. मोठ्या माणसांच्या कबरींवर दगड होते, दगडांवर नावं होती. पण रस्त्याकडच्या कोपऱ्यात तान्ही लेकरं होती. त्यांच्यावर दगड नव्हते. तीन-चार पावसाळ्यांत माती सपाट होई, वर गवत येई. कुणाचं लेकरू कुठे, हे एकट्या गफ्फारचाचांना ठाऊक. आणि एके दिवशी गफ्फारचाचा बाजारातून परत येताना स्वतःचंच घर विसरले.

राबिया घाबरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोबाइल घेऊन त्यांच्या दारात गेली.

"चाचा, चाल माह्यासंगं. पोट्टे कुठी कुठी निजले ते मले दाखवून दे."

ते चपला काढून कोपऱ्यात शिरले. पावलं मोजत, मध्येच थांबत, डोळे मिटून हवेत हात फिरवत. "इथं सलीमचा पोरगा, सात दिवसांचा. ही जुळी होती, मास्तरच्या घरची. एकच खड्डा केला, दूर काऊन करा म्हटलं." राबिया त्या जागी उभी राही, मोबाइलवर खूण करी, आणि माझ्यात एक ठिपका उमटे. प्रत्येक ठिपक्याला एक चिठ्ठी जोडलेली: बाळाचं नाव, बापाचं नाव, साल.

एका जागी चाचा खाली बसले आणि मातीवर हात ठेवला.

"ही तुह्या मायची."

"माह्या अम्मीची? कोण?"

"तुह्या आधीची पोरगी. सकाळी झाली, असरच्या नमाजाआधी इथं ठेवली. तुह्या अब्बाले उतरवेना, म्हणून मीच खाली उतरलो."

राबियाला बहीण होती, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. राबियाची अम्मी बानो त्या दफनाच्या दिवशी बाळंतिणीच्या खाटेवर होती. लेकीला गुंडाळून नेलेलं तिने पाहिलं, पुढचं काही पाहिलं नाही. तिच्या घरच्या बायका दफनाला जात नसत. नंतर विचारायची हिंमत झाली नाही, आणि मग विचारायचं राहूनच गेलं. चिठ्ठीवर नाव काय लिहावं हे राबियाला कळेना. तिने लिहिलं, 'बानोची मुलगी'.

घरी आल्यावर तिने अम्मीपुढे मोबाइल धरला. बानोने पदराला हात पुसले आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. पडद्यावरचं चित्र सरकलं.

"हलली," बानो म्हणाली.

"हलली नाही अम्मी. तुहं बोट लागलं म्हणून नकाशा सरकला."

बानोने ऐकलं, पण ते तिने मानलं नाही. त्या दिवसापासून भाकरी झाल्या की ती मोबाइल मागून घेई आणि मला उघडून बसे. मी खोटं बोलणार नाही, मला तिची भीती वाटायची. ती माझ्याकडे पाहत नसे. माझ्या आत पाहत असे.

एकूण एक्केचाळीस ठिपके झाले. त्या थंडीत गफ्फारचाचा गेले. मग त्या कोपऱ्याची ओळख असलेलं गावात कुणी उरलं नाही. मी उरलो.

उन्हाळ्यात गावाबाहेरचा रस्ता रुंद करायचं ठरलं. कडेने पक्की नाली जाणार होती. आराखडा करणाऱ्या खासगी कार्यालयाने कब्रस्तानाच्या कमिटीला निरोप धाडला, तुमच्या जागेचा नकाशा असेल तर द्या, पण कॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये द्या, आमच्याकडे दुसरं काही उघडत नाही. कमिटीने राबियाला सांगितलं.

तोवर मी कधी घर सोडलं नव्हतं. राबियाने मला त्या परक्या साच्यात ओतायला घेतलं. पहिल्या वेळी मापाचा घोळ झाला. मी अक्षांश-रेखांशांच्या अंशांमध्ये मोजलेला, तिकडे मीटर हवे होते. सगळं कब्रस्तान आकसून सुईच्या टोकाएवढं झालं. तिने माप बदललं, पुन्हा पाठवलं. तेव्हा पडद्यावर एक सूचना आली, की चिठ्ठ्यांमधली माहिती नव्या फाइलमध्ये जाणार नाही. बाहेर शिकवणीच्या मुली ताटकळत होत्या. तिने न वाचता 'ठीक' दाबलं.

रेषा गेल्या. ठिपके गेले. चिठ्ठ्या मागे राहिल्या. जी चार मराठी अक्षरं ठिपक्यांना चिकटून गेली, त्यांची पलीकडे पोचेपर्यंत प्रश्नचिन्हं झाली होती.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी आहे. राबियाकडे मी सगळ्यांना नावानिशी ओळखतो. तिकडे कार्यालयात मला आठवत काहीच नव्हतं, फक्त वाटत होतं. कोपऱ्यात कुणीतरी आहे, असं वाटत होतं. एखाद्या खोलीत शिरावं, खोली रिकामी असावी आणि तरी आपण हळू बोलावं, तसं.

खामगावच्या त्या कार्यालयात हिमानी नावाची मुलगी आराखडे काढायची. कामाला चोख. तिने मला उघडलं, कोपऱ्यातले ठिपके आणि त्यांच्यापुढची प्रश्नचिन्हं पाहिली. "सर्व्हेमध्ये काहीतरी कचरा आलाय," ती स्वतःशीच म्हणाली. तिने सगळ्यांभोवती एक चौकट ओढली आणि एक कळ दाबली.

एक्केचाळीस लेकरं पुन्हा गेली. या वेळी रडायला कुणी नव्हतं.

कोपरा रिकामा दिसला, म्हणून साहेबांनी नाली तिथून नेली.

बानो गिरणीवरून दळण घेऊन निघाली होती. तिला कब्रस्तानाच्या कोपऱ्यातून गेलेली चुन्याची पांढरी रेघ दिसली आणि रेघेच्या टोकाला माती उपसणारी मशीन. पिठाचा डबा रस्त्यात ठेवून ती धावली आणि मशीनच्या पुढे जाऊन उभी राहिली. चालवणारा ओरडला, "ओ मावशी, मरायचं हाय काय?"

"बंद कर ते! खाली लेकरं हायेत!"

त्याने खाली वाकून पाहिलं. खाली त्याला काही दिसेना. पण बाईचा चेहरा पाहून त्याने मशीन बंद केली आणि तो उतरून बाजूला उभा राहिला.

राबिया लॅपटॉप काखेत मारून मिळेल त्या गाडीने खामगावला पोचली. हिमानीच्या टेबलावर तिने मला उघडलं, सगळ्या चिठ्ठ्यांसकट. हिमानीने तो जुना मी आणि तिचा कोरा मी एकमेकांवर ठेवले. नालीची निळी रेघ ठिपक्यांच्या मधून गेली होती. हिमानी एकेक नाव वाचत गेली. सात दिवस. दोन महिने. एक दिवस.

"हे ठिपके मी पुसले," ती म्हणाली. "मला वाटलं, घाण आहे."

"मी चिठ्ठ्या न देता पाठवले. सूचना आली होती. वाचली नाही मी."

मग हिमानी उठली, आत साहेबांकडे गेली, आणि बराच वेळ तिचा चढलेला आवाज बाहेर येत राहिला. संध्याकाळच्या आत नाली रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. नव्या आराखड्यात तिने प्रत्येक ठिपका स्वतःच्या हाताने परत मांडला, एकेक नाव स्वतः टाइप केलं. एकही प्रश्नचिन्ह येऊ दिलं नाही.

पण अकरा मीटर खणून झालं होतं.

गावातल्या जाणत्या माणसांनी चरात उतरून पाहिलं. काही सापडलं नाही. इतक्या लहान हाडांचं इतक्या वर्षांनी काय उरतं! त्यांनी मृतांसाठीची फातेहा पढली, हाताने माती परत लोटली आणि ते घरी गेले. बानो गेली नाही. ती चराच्या काठावर उभी राहिली.

"राबी, नकाशा काढ. माही पोरगी चरात गेली का बाहेर राह्यली?"

राबियाने मला उघडलं. ठिपका चराच्या काठापासून दीड मीटर बाहेर होता. ती "बाहेर" म्हणणार होती, आणि ते ऐकायला बानो आसुसली होती. पण राबियाला आपलं साधन माहीत होतं. मोबाइलने धरलेली जागा अचूक नसते. तीन मीटर इकडे, तीन मीटर तिकडे. माझा प्रत्येक ठिपका खरं तर ठिपका नाहीच, तो एक अंदाज आहे. मी त्या क्षणी पडद्यावर तिच्यापुढे उजळून पडलो होतो आणि मला बोलता येत असतं, तरी मी उत्तर देऊ शकलो नसतो. मला माहीतच नव्हतं. आजही नाही.

"अम्मी," राबिया म्हणाली, "मले नाही माहीत. नकाशाले बी नाही माहीत."

बानो हापशावर गेली, बादली भरून आणली. आधी चराच्या वर, ओल्या नव्या मातीवर, कबरीवर टाकतात तसं पाणी शिंपडलं. मग अलीकडच्या गवतावर. मग पुन्हा चरावर. बादली संपली तशी दुसरी आणली.

"लोक पाह्यतात अम्मी."

"पाह्यू दे. मी दोन्हीकडं टाकीन. जिथं असेल तिथं पोचंल."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. परवा शेजारच्या गावच्या कौशल्याबाई राबियाकडे आल्या. त्यांच्यातही दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. नाल्याकाठी त्यांची दोन आहेत. "बाई, आमच्याबी जागा टाकून दे तुह्या मशीनमंदी," त्या म्हणाल्या. "मी हाव तोवर दाखवतो." राबिया त्यांच्याबरोबर गेली. त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या. मी भरत चाललो आहे.

राबिया आता ठिपके काढत नाही. प्रत्येक लेकरासाठी ती तीन मीटरांचं एक वर्तुळ काढते आणि चिठ्ठीवर लिहिते, 'याच्या आत कुठेतरी'. वर्तुळं एकमेकांत शिरली आहेत. त्यांच्यामध्ये पाय ठेवायला जागा उरलेली नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी उद्या मला उघडेल, आपल्या सोयीच्या साच्यात ओतेल. ओता. एका घरातून दुसऱ्या घरात जायला माझी ना नाही. फक्त माझ्यात एखादी जागा अगदी रिकामी, अगदी स्वच्छ दिसली, की रेघ ओढण्याआधी एवढं विचारा, इथं कोण होतं? मी सांगू शकलो नाही, तर जवळपासच्या एखाद्या बाईला विचारा.