विकणाऱ्याचा फेरा

बोट निळ्या रंगाने नव्यासारखी करून आणली होती, पण अंजनाने रंगाकडे पाहिलंच नाही. ती वाकली, चालकाच्या बसायच्या फळीखाली हात घातला आणि बोटांनी चाचपत गेली. डाव्या कोपऱ्यात खिळा लागला. घोड्याच्या नालेचा, वाकडा. त्याच्यावरही निळा रंग चढला होता.

तो खिळा तिनेच दिलेला. नववीत होती तेव्हा मानोऱ्याच्या बाजारात तिला सापडला होता आणि तिच्या वडिलांनी, देवमनने, तो तिथे ठोकून त्यावर जेवणाचा डबा टांगायला सुरुवात केली होती. "खाली ठेवला तं भाकर वली होते," तो म्हणायचा. भाकर ओली का होते, हे विचारायचं तेव्हा तिला सुचलं नव्हतं.

"हेच बोट हाये का माय?" मागून जगदेवने विचारलं.

"हेच," ती म्हणाली आणि हात बाहेर काढला.

जगदेव भोई हा मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. धरणात चिंचखेडा बुडालं, तेव्हा त्याचंही घर गेलं आणि देवमनचंही. भोई जाळी घेऊन पाण्याकडे वळले. देवमनला पाटलाच्या मोटरबोटीवर काम मिळालं. धरणामुळे अलीकडची आणि पलीकडची गावं तुटली होती, तिथे माणसं नेण्या-आणण्याचा ठेका वाशीमच्या इंद्रभान पाटलाकडे होता. चार वर्षं देवमनने ती बोट चालवली. चौहत्तरच्या श्रावणात परतीच्या फेरीला तो एकटाच होता. बोटीसकट बुडाला. देह तिसऱ्या दिवशी मिळाला. बोट मिळालीच नाही, असं पाटलाने सांगितलं. आणि पंचनाम्यात एक ओळ लिहिली गेली : चालक दारूच्या अंमलाखाली असल्याने अपघात घडला.

देवमनने छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्या दिवसापासून त्याने दारूच्या थेंबाला बोट लावलं नव्हतं. अंजनाची आई भागिरथा त्या ओळीनंतर विहारात मागच्या भिंतीला टेकून बसू लागली. कोणी तिला तिथे बसायला सांगितलं नव्हतं.

अंजना तेव्हा अकोल्याला शिक्षिकेचा कोर्स करत होती. मरणाच्या आठ दिवस आधी वडिलांचं पोस्टकार्ड तिला आलं होतं. 'मागून तिसऱ्या फळीतून पाणी येते. मालकास दोनदा सांगितले. ते म्हणाले, फळ्या फुगल्या की आपोआप बंद होईल.' ते कार्ड घेऊन ती दोन कचेऱ्यांत गेली. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं. बोटच नाही, तर फळी कुठली तपासायची?

आणि आता, तीन वर्षांनी, पाटील तीच बोट सोसायटीला विकायला निघाला होता. बोट पाण्याबाहेरच्या ओंडक्यांवर ठेवून त्याची माणसं निघून गेली होती. पाटील स्वतः दहाला जीपने येणार होता. सोसायटीत कागद लिहिणारं कोणी नव्हतं, म्हणून पाहणीचा कागद लिहायला जगदेवने मानोऱ्याच्या शाळेतल्या मास्तरीणबाईला, म्हणजे अंजनालाच, बोलावलं होतं. देवमनच्या मुलीला बोटीतलं कळतं, हेही त्याला माहीत होतं.

"बादल्या आणा काका," अंजना म्हणाली. "आणि चुलीतली राख. कोरडी पाहिजे."

वडिलांची बोट पाहायची पद्धत उलटी होती. पाण्यात टाकून आत काय येतं हे बघायचं नाही. काठावरच आत पाणी भरायचं आणि बाहेर काय येतं ते बघायचं. तिने बुडाला बाहेरून राख फासली, जगदेवने बादल्या ओतल्या, आणि दोघं वाट बघत उकिडवी बसली. मे महिन्याचं ऊन चढत होतं. राख बराच वेळ पांढरी राहिली. मग मागून तिसऱ्या फळीवर एक काळा डाग उमटला, करवंदाएवढा. बघता बघता तो लांबट झाला.

जगदेवने आतून खरवडून पाहिलं. सडलेल्या फळीवर पत्रा मारला होता, त्यावर डांबर, त्यावर रंग.

"फळीबी नाई बदलली रांडलेकानं," तो म्हणाला. "चाल माय, परत पाठवू ह्याले. मी सांगतो त्याले, नाई पायजे."

"नाही म्हणू नका."

जगदेवने तिच्याकडे पाहिलं. ती राखेचे हात पदराला न पुसता तशीच उभी होती.

"तुमच्यात बोट घेताना रीत आहे ना? विकणाऱ्याचा फेरा?"

रीत जुनी होती. भोयांमध्ये डोंगा विकायचा असला की विकणाऱ्याने घेणाऱ्यासोबत त्यात बसून पाण्याच्या मध्यावर जाऊन यायचं. त्या फेऱ्यात कोणी पाणी उपसायचं नाही. त्यानंतरच नारळ फुटायचा.

"हाये," जगदेव सावकाश म्हणाला. मग त्याने पाण्याकडे पाहिलं. पाणी उन्हाळ्याने खूप खाली गेलं होतं. "कुठी नेतं त्याले?"

"घरी," अंजना म्हणाली.

जगदेवला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा तो हसला नाही. त्याने आतलं पाणी उपसून काढलं आणि राख धुवायला आणखी दोन बादल्या आणल्या.

पाटील साडेदहाला आला. पांढरा टेरिलिनचा शर्ट, पायात चकचकीत जोडे. सोबत वाशीमचा दौलतसिंग मेकॅनिक होता. इंजिन तपासायला सोसायटीनेच त्याला ठरवलं होतं, आणि वाटेत पाटलाने त्याला जीपमध्ये घेतलं होतं. दौलतसिंग आल्या आल्या इंजिनावर वाकला. प्लग काढून पाहिला, तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवली, पंखा हाताने फिरवला.

"इंजिन झकास हाये," तो म्हणाला. "बाकीचं मले इचारू नका. मी टॅक्टरवाला माणूस, आपल्या गाडीले खाली जमीन लागते."

"बाकीचं पाहाले काय हाये?" पाटील म्हणाला. "सागाची बोट हाये. तीन सालं शेडमधी होती, पाण्याले शिवली नाई. पह्यल्या दिवशी जरासं वल्लं दिसन, फळ्या फुगल्या का आपोआप बंद."

अंजनाने वहीतून मान वर केली. शब्द तेच होते.

"ह्या कोन?" पाटलाने विचारलं.

"आमच्या मास्तरीणबाई," जगदेव म्हणाला. "पाहनीचा कागद ह्याच लिवतीन. अन् पाटील, आपला एक फेरा करून घेऊ. तुमी, मी, बाई अन् दौलतसिंग."

"मी कायले?"

"विकनाऱ्यानं बसा लागते. रीत हाये."

"अरे, मले पोहाले येत नाई बाप्पा! बोट माही असली म्हनून काय झालं, मी एक डाव बसलो नाई तिच्यात."

"एकदाही नाही?" अंजनाने विचारलं.

"ड्रायव्हर होते ना. मालकानं बसाचं असते का?"

"मग लिहू का तसं?" ती शांतपणे म्हणाली आणि पेन उघडलं. "'बोट उत्तम आहे, मात्र मालक तीत बसण्यास तयार नाहीत.'"

दौलतसिंग खो खो हसला. पाटील लाल झाला, आणि बोट ओंडक्यांवरून पाण्यात ढकलली तेव्हा त्या लालीतच तो तिच्यात चढला.

इंजिनजवळ अंजना बसली, तेव्हा पाटलाने जगदेवकडे पाहिलं. "बाई चालवते का?"

"शाळंत होती तवापासून," जगदेव म्हणाला.

पाणी उपसायचा डबा बोटीत होता. अंजनाने तो उचलला आणि काठावरच्या दगडावर ठेवला. वही पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली. मग इंजिन सुरू केलं.

बोट निघाली. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं होतं, वीतभर खालचंही दिसत नव्हतं. काठ मागे पडला. काठावरच्या बाभळी, मग जीप लहान झाली. इंजिनाच्या हादऱ्याने बोट थरथरत होती आणि तो थरथराट अंजनाला तळपायांतून कळत होता. पत्रा कधी सुटेल याचा अंदाज तिला नव्हता. वडिलांना असेल का? चार वर्षं त्यांचेही पाय याच फळ्यांवर होते.

अर्ध्या वाटेवर पाटलाने जोडा उचलून पाहिला.

"पानी येऊन राह्यलं."

"पहिला दिवस आहे," अंजना म्हणाली. "फळ्या फुगतील."

थोड्या वेळाने त्याने दोन्ही जोडे उचलले. पाणी आता फळ्यांवरून इकडून तिकडे डुचमळत होतं. "डबा कुठी हाये? उपसा ना कोनी!"

"फेऱ्यात उपसत नाहीत."

"अवो बाई, मस्करी हाये का? फिरवा मांगं!"

दौलतसिंगही आता हसत नव्हता. त्याने जगदेवचा दंड धरला होता. आतून करकर असा आवाज आला आणि पत्र्याचं एक टोक वर उचललं गेलं. पाणी घोट्यांपर्यंत आलं. अंजनाने डावीकडच्या दोन बाभळी आणि टेकडीचं टोक एका रेषेत येईपर्यंत वाट पाहिली. मग तिने इंजिन बंद केलं.

एकाएकी शांत झालं.

"बंद काहून केलं?" पाटील ओरडला. "चालू कर! थे फळी गेली हाये, मले मालूम हाये, थांबनार नाई आता!"

"कोणती फळी?"

"मांगची! तिसरी!"

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

"ड्रायव्हरनं सांगतलं होतं. इंजिन चालू कर ना बाई!"

"कोणत्या ड्रायव्हरनं?"

पाटलाने तिच्याकडे पाहिलं. ओलं धोतर पिळावं तसा त्याचा चेहरा झाला होता. "देवमननं. मेला थो."

"तो प्यालेला होता म्हणे."

पाणी पोटरीपर्यंत चढलं. बोट मागून खचली आणि पाटलाने दोन्ही हातांनी कड धरली.

"नोता," तो म्हणाला. "पेतच नोता थो. बोटीचं नाव आलं असतं तं ठेका गेला असता माहा. म्हनून सांगतलं तसं. मानसं धाडून बोट काढली, लपवून ठेवली. आता सांगतलं ना सगळं! फिरव ना माय, पाया पडतो तुह्या!"

"ऐकलं ना दौलतसिंग?" जगदेवने विचारलं.

"ऐकलं," दौलतसिंग म्हणाला. "पन आता सांगाले जिते राहू का नाई?"

अंजना पाटलाकडे बघत होती. तीन वर्षं ती हे वाक्य मनात ऐकत आली होती, आणि मनातला आवाज भारी, जाड होता. हा आवाज पातळ होता. फिरव ना माय. त्या श्रावणात बोटीत दुसरं कोणी नव्हतं. बाबा कोणाला म्हणाले असतील?

"मी देवमन ड्रायव्हरची पोर," ती म्हणाली.

मग तिने साडीचा काचा मारला आणि कडेवरून पाय टाकून पाण्यात उतरली.

पाटलाने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती बोटीशेजारी उभी होती. पाणी तिच्या कमरेला होतं.

"कायवर..." पाटील कडेवरून खाली वाकला. "कायवर उभी हायेस तू?"

"आमच्या घरावर."

खाली चिंचखेड्याची पांढरी होती, गावाची उंचवट्याची जागा. घरांच्या मातीच्या भिंती केव्हाच विरघळून तिचा ढीग झाला होता. उन्हाळ्यात तिच्यावर कमरेएवढंच पाणी राहतं, हे पुनर्वसनात गेलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. ज्याने पाण्याचा ठेका घेतला, त्याला पाण्याखालचं गाव कधी लागलंच नव्हतं.

बोट मऊ धक्का देऊन तळाला टेकली. जगदेव उतरला, दौलतसिंगला त्याने जवळजवळ उचलूनच उतरवलं. "जमीन!" दौलतसिंग पाय आपटत म्हणाला. "अरे जमीन हाये ना हे!" पाटीलही एक पाय बाहेर काढू लागला.

"सांभाळून," अंजना म्हणाली. "गावची विहीर इथंच कुठंतरी आहे. कठडा नाही तिला. चार पुरुष खोल पाणी."

पाटलाचा पाय आत गेला.

"कोन्या अंगाले?"

ती वळली आणि चालू लागली. आधी मारुतीच्या पाराकडे, तिथून भोईपुऱ्याच्या गल्लीने, मग शेतांकडच्या जुन्या पांदणीने. ती पाण्यातून अशी वळणं घेत गेली, जणू दोन्ही बाजूंना अजून घरं होती. मागे जगदेव, आणि त्याचा खांदा धरून दौलतसिंग. काठ येईपर्यंत पाणी कुठेच छातीच्या वर गेलं नाही.

मागून हाका येत होत्या. आधी शिव्या, मग 'मास्तरीणबाई', मग 'बाईसाहेब', मग 'माय'.

काठावर बाभळीखाली बसून तिने वही उघडली. पिशवी फक्त खालून भिजली होती, वहीची वरची पानं कोरडी होती. तिने लिहिलं. मागून तिसरी फळी सडलेली, वरून पत्रा. सदर दोष चालक देवमन यांनी मालकास दोनदा कळवला होता, हे मालकास मान्य. अपघाताच्या दिवशी चालक पूर्ण शुद्धीत होता. त्याखाली साक्षीदार म्हणून दौलतसिंगने सही केली, जगदेवने अंगठा दिला. मालकाच्या सहीची जागा रिकामी होती.

"डोंगा घेऊन जातो," जगदेव म्हणाला. "सही करन थो. आता काईबी करन."

लांब पाण्यात एक पांढरा शर्ट बोटीच्या सर्वांत उंच टोकावर उकिडवा बसला होता. अजूनही पाय आखडलेले.

"थो म्हनन, सही जबरदस्तीनं घेतली," दौलतसिंग म्हणाला.

"म्हणू द्या. तुम्ही ऐकलंय."

जगदेव डोंगा ढकलायला उठला. "झालं ना माय लिवून?"

अंजनाने कागद उन्हात धरून पाहिला. अक्षरं जरा थरथरलेली होती. वडिलांना गोल, सुटं अक्षर आवडायचं. तिने तो कागद बाजूला ठेवला, वहीतलं नवं पान उलटलं आणि मांडीवर नीट सपाट केलं.

"नाही," ती म्हणाली. "बसा काका. अक्षर चांगलं येऊन नाही राह्यलं. पुन्हा लिहिते."

जगदेव बसला. तिने नव्या पानावर समास आखायला घेतला.