रुक्मानं वाकवलेली नळी

खुर्सीपारच्या त्या वस्तीत शंभरावर झोपड्या आणि पाण्याची विहीर एकच. विहिरीवर वस्तीनं मिळून डिझेल इंजिन बसवलं होतं. एकसष्ट सालच्या मे महिन्यात ते बंद पडलं. टाकीतून इंजिनाकडे डिझेल नेणारी तांब्याची बारीक नळी हादऱ्यांनी चिरली होती. हिरालाल मिस्त्रीनं हात वर केले. तशी वळणदार नळी नागपूरहून मागवावी लागेल, आठ दिवस तरी लागतील, असं त्याचं म्हणणं.

"मी बनवतो," धोंडबा म्हणाला. पोलादाच्या प्लांटात तो पाइप बसवणाऱ्यांच्या टोळीत होता. सुटीच्या दिवशी सायकलनं दुर्गला जाऊन त्यानं सरळ नळी आणली. तिचे दोन तुकडे निघणार होते. जुनी नळी सुतळीनं मोजून त्यानं आरीनं एक तुकडा कापला आणि गुडघ्यावर धरून वाकवला. पहिल्याच वळणावर नळी चपटी होऊन दुमडली.

त्याची बायको रुक्मा दारात तांदूळ निवडत होती. "थंडीच वाकवून राहिले तुमी," ती म्हणाली. "मोडन नाही त काय होईन?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"माहा बाप भंडाऱ्याले भांड्याच्या कारखान्यात भट्टीवर होता. मी रोज त्याची भाकर घेऊन जाओ. तो जेवेपर्यंत पाहत बसो."

लग्नाला चार वर्षं झाली होती. सासरा भट्टीवर होता हे धोंडबाला ठाऊक होतं. पण ही पोर तिथं काय काय पाहत बसायची, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं उरलेला तुकडा तिच्यापुढे ठेवला.

रुक्मानं चूल पेटवून कोळसे फुलवले. नळी फिरवत फिरवत तापवली. ती मंद लाल झाली तशी तिनं सांडशीनं उचलून बादलीकडे नेली.

"पाण्यात नोको टाकू, कडक होईन," धोंडबा म्हणाला. प्लांटात तो तेच पाहत आला होता.

"कडक लोखंड होते. तांबं मऊ पडते." चर्र करून नळी पाण्यात गेली. बाहेर काढून तिनं ती त्याच्या हातात दिली. बोटांच्या जोरानं ती लवत होती.

मग तिनं नळी वाळवली. चाळणीतून काढलेली वाळू कढईत भाजून कोरडी केली आणि ठोकून ठोकून नळीत भरली. दोन्ही तोंडांत बाभळीच्या खुंट्या बसवल्या. बाजेच्या गोल खुराभोवती नळी टेकवून ती जुनीकडे बघत, घाई न करता वळवत गेली. आत वाळू ठासलेली, त्यामुळे कुठं चपटी होईना. तिसरं वळण उलट्या बाजूचं होतं. तिथं नळी पुन्हा कडक लागली तशी ती थांबली, वाळू काढून पुन्हा तापवलं, पुन्हा वाळू भरली. दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या तेव्हा फरक फक्त रंगाचा होता.

टोकांचं काम धोंडबाचं. कानशीनं धार मोडून तो नळीचं तोंड भोंग्यासारखं रुंद करायला बसला, हातोडी उचलली.

"आन् हे नट मंग कोठून जातीन?" रुक्मानं विचारलं.

नळी इंजिनाला आवळणारे दोन्ही नट जमिनीवरच पडले होते. तोंड रुंद झालं असतं तर ते नळीवर चढलेच नसते. धोंडबा हसला आणि आधी नट ओवले.

हिरालालला वाळूची भीती होती. एक कण जरी इंजिनाच्या डिझेल पंपात गेला तरी इंजिन बंद पडेल, असं तो म्हणाला. रुक्मानं त्याच्यासमोर नळीतून तीनदा रॉकेल सोडलं, खाली पांढरं फडकं धरून. तिसऱ्या वेळी फडक्यावर काही उरलं नाही. नळी बसवली, हँडल फिरलं, इंजिन दोन-चारदा खोकलं आणि चालू झालं. हौदात पाणी पडू लागलं.

हिरालालनं वळणावरून बोट फिरवलं. "ये मोड किसने दिया, धोंडबा?"

"हिनं," धोंडबा म्हणाला. ते सांगताना त्याला कमीपणा वाटला नाही.

पुढच्या महिन्यात हिरालाल दुसऱ्या इंजिनाची तुटकी नळी घेऊन थेट झोपडीच्या दारात आला आणि त्यानं "भाभी हैं क्या?" म्हणून विचारलं. तेव्हापासून सुटीच्या दिवशी ते काम चालत राहिलं. रुक्मा वळवायची, धोंडबा दुसरं टोक धरायचा, आणि सैल धरलं की बोलणी खायचा.